साडेनऊशे वर्षांनंतरचा विधी : आइसलँडमधील असात्रू संघाचे प्रकरण

५ ऑगस्ट १९७३ रोजी पश्चिम आइसलँडमधील द्राघाउल्स या शेतवाडीवर भर पावसात एक विधी पार पडला. वाडीचे मालक स्वेनब्यॉर्न बेंटेन्सन हे मेंढ्या पाळणारे शेतकरी आणि छंदोबद्ध काव्याचे जाणकार होते. त्या दिवशी मात्र ते नुकतीच सरकारी मान्यता मिळालेल्या असात्रू संघ या धर्मसंघाचे प्रमुख पुरोहित म्हणून उभे होते. समोर थॉर देवाची मूर्ती होती, भोवती चिंब भिजलेली माणसे होती आणि त्यांत बातमीसाठी आलेले वार्ताहरही होते. जुन्या नॉर्स भाषेतील कवने म्हटली गेली आणि मग सर्वांनी मिळून भोजन केले. इसवी सन १००० च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर जुन्या देवांसाठी त्या देशात उघडपणे झालेले हे पहिले ‘ब्लोत’ होते. ब्लोत म्हणजे देवांना काही अर्पण करून केलेला सामूहिक विधी.

ख्रिस्तपूर्व युरोपातील धर्म आज नव्याने आचरणारे लोक स्वतःला पेगन म्हणवतात. त्यांच्याविषयी एक प्रश्न हटकून विचारला जातो : मध्ये शेकडो वर्षांचा खंड पडलेला असताना, पुस्तके वाचून पुन्हा उभा केलेला विधी मूळ विधीइतका अर्थपूर्ण असू शकतो का? प्रश्न सैलपणे विचारला की उत्तरही सैल मिळते. ‘श्रद्धा असेल तर सगळे खरे’ असे कोणी म्हणतो, तर कोणी ‘हा सगळा वेषभूषेचा खेळ’ म्हणून हात झटकतो. म्हणून येथे एकच प्रकरण सविस्तर तपासले आहे. आइसलँड निवडण्याचे कारण असे की, तेथे काय तुटले, कधी तुटले आणि काय शिल्लक राहिले याच्या नोंदी इतर देशांच्या मानाने फार चांगल्या आहेत.

काय तुटले

आइसलँडमध्ये नॉर्वेकडून वस्ती होऊ लागली ती नवव्या शतकाच्या उत्तरार्धात. ९३० च्या सुमारास थिंगवेल्लिर येथे आल्थिंगी ही सर्वांची सभा भरू लागली. तेथे कायदा सांगितला जाई, तंटे मिटवले जात. प्रत्येक भागाचा एक ‘गोधी’ असे. तो आपल्या माणसांचा पुढारी होता आणि ब्लोताचा यजमानही होता. धर्म, सत्ता आणि कायदा ही त्या समाजात तीन वेगळी खाती नव्हती.

ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराची हकीकत आरी थोर्गिल्सन यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवली आहे. देश दोन तटांत विभागला गेला, तेव्हा निर्णय थोर्गेर या कायदेवक्त्यावर सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला आणि उठल्यावर त्याने सांगितले की सर्वांचा कायदा एक असला पाहिजे, कारण कायदा फाटला तर शांतताही फाटेल. सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा असे ठरले. मात्र घोड्याचे मांस खाण्यास आणि नको असलेले अर्भक उघड्यावर टाकण्यास मुभा राहिली आणि कोणी साक्षीदार नसेल तर गुपचूप ब्लोतही चालेल, अशी सवलत मिळाली. काही वर्षांतच या सवलती संपल्या. पुढे बाराव्या शतकाच्या आरंभी होलारचे बिशप योन ओग्मुंडार्सन यांनी वारांच्या नावांतूनही जुने देव काढून टाकले असे परंपरा सांगते; इंग्रजी गुरुवारात थॉर आजही आहे, आइसलँडच्या गुरुवाराचे नाव मात्र ‘पाचवा दिवस’ एवढेच उरले.

तेव्हा विधीचा धागा तुटला हे निर्विवाद आहे. घराघरांत लपूनछपून ब्लोत चालू राहिले आणि ते १९७२ पर्यंत, म्हणजे संघ स्थापन झाला त्या वर्षापर्यंत, पोहोचले, असा दावा करण्याला कसलाही आधार नाही. आणि असात्रू संघानेही तसा दावा केलेला नाही, ही या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ साली विक्का या पंथाविषयी लिहिताना, प्राचीन काळापासून गुप्तपणे टिकलेल्या चेटकिणींच्या धर्माचा आपल्याला शोध लागला असल्याचे मांडले होते. इतिहाससंशोधनापुढे ती अखंडतेची कथा टिकली नाही आणि त्यानंतर अनेक अनुयायांना आपल्या विधीचा आधार नव्याने शोधावा लागला. द्राघाउल्सच्या पावसात उभ्या असलेल्या माणसांवर ही पाळी कधी आली नाही.

मूळ विधी कसा होता

नव्याची तुलना जुन्याशी करायची तर जुने नीट डोळ्यांसमोर हवे. अडचण अशी आहे की ब्लोताच्या वेळी आरंभापासून शेवटपर्यंत काय म्हटले जाई, याची संहिता उरलेली नाही. आपल्याकडे विवाहविधीचे मंत्र जसे क्रमाने लिहून ठेवलेले आहेत, तसे तेथे काही नाही. जे आहे ते तुकड्यांत आहे.

त्यांतला सर्वांत भरगच्च तुकडा आइसलँडचे लेखक स्नोरी स्तुर्लुसन यांचा आहे. ते तेराव्या शतकातले, स्वतः ख्रिस्ती आणि वर्णित काळापासून सुमारे पावणेतीनशे वर्षे दूर होते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो. नॉर्वेतील ब्लोताचे वर्णन करताना ते सांगतात की शेतकरी आपापली शिधासामग्री घेऊन येत, घोडे आणि इतर जनावरे मारली जात, त्यांचे रक्त भांड्यांत धरून डहाळ्यांनी भिंतींवर आणि माणसांवर शिंपडले जाई, मांस मोठ्या हंड्यांत शिजे आणि आगीवरून पेले फिरवले जात. पहिला पेला ओदिनच्या नावाने, राजाच्या विजयासाठी. मग न्योर्द आणि फ्रेर यांच्या नावाने, ‘आर’ आणि शांतता यांसाठी. या ‘आर’ शब्दाचा अर्थ वर्ष आणि चांगले पीक असा दोन्ही होतो. मराठी शेतकरी ‘यंदाचे साल बरे गेले’ म्हणतो तेव्हा ‘साल’ या शब्दात जे भरलेले असते, नेमके तेच त्या शब्दात आहे.

पुराव्याचा दुसरा तुकडा जमिनीखालून आला. उत्तर आइसलँडमधील होफस्तादिर येथे उत्खननात एका मोठ्या दिवाणखान्याच्या परिसरात बैलांच्या वीसहून अधिक कवट्या सापडल्या. जनावराच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध कुऱ्हाडीचा घाव घातलेला आहे आणि कवट्यांची झीज पाहता त्या नंतर बराच काळ बाहेर उघड्यावर टांगलेल्या असाव्यात. खाण्यासाठी जनावर मारण्याची ही सोयीची रीत नव्हे. लोकांनी पाहावे, अंगावर शहारा यावा आणि पुढे वर्षभर येता-जाता त्या कवट्या दिसत राहाव्यात, अशी ही रीत आहे.

स्नोरींच्याच कथनातला एक प्रसंग मला या विषयासाठी फार मोलाचा वाटतो. नॉर्वेचा राजा होकोन हा इंग्लंडच्या दरबारात ख्रिस्ती म्हणून वाढला होता. ब्लोताच्या वेळी राजाने घोड्याचे मांस खाल्लेच पाहिजे असा शेतकऱ्यांनी हट्ट धरला. तो मांस खाईना, रस्सा पिईना. अखेर तडजोड निघाली ती अशी की हंड्याच्या कड्यावर वाफेने चरबीचा थर धरला होता, त्याच्यावर तागाचे कापड गुंडाळून राजाने तोंड उघडून त्यावर धरावे. त्याने तेवढे केले आणि स्नोरी सांगतात की त्यावर कोणाचेच समाधान झाले नाही.

प्राचीन विधी म्हटला की आपल्या मनात एकदिलाने, भारावून उभ्या असलेल्या समुदायाचे चित्र येते. होकोनची कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तेराव्या शतकातील लेखकाला ती शक्य कोटीतली वाटली होती, आणि तिच्यात विधीच्या ऐन मध्यभागी सक्ती, संशय आणि दिखाऊ पालन आहे. जुना विधी सर्वांना सारखाच अर्थपूर्ण होता, हे गृहीतच मुळात तपासले पाहिजे. तो सर्वांवर सारखाच बंधनकारक होता एवढे म्हणता येते, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

काय तुटले नव्हते

आता दुसरी बाजू. आइसलँडमध्ये धर्म तुटला, परंतु भाषा तुटली नाही. तेराव्या शतकात लिहिलेले गद्य आजचा सुशिक्षित आइसलँडवासी थोड्या सवयीने वाचू शकतो. जुन्या देवांची कवने ज्या हस्तलिखितात मुख्यतः टिकली, ते ‘कोदेक्स रेगियुस’ नावाचे लहानसे, ४५ पानांचे चर्मपत्री हस्तलिखित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. १६६२ साली ते डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि तीन शतके कोपनहेगनमध्ये राहिले. ते परत मिळावे यासाठी आइसलँडने दीर्घ काळ पाठपुरावा केला. २१ एप्रिल १९७१ रोजी ते डेन्मार्कच्या नौदलाच्या जहाजातून रेक्याविकच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा स्वागताला मोठा जनसमुदाय लोटला होता. जुन्या पंचांगाप्रमाणे तो हिवाळ्याचा शेवटचा दिवस होता.

पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९७२ रोजी, म्हणजे त्याच पंचांगातील उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, रेक्याविकमधील हॉटेल बोर्ग येथे मोजक्या लोकांनी एकत्र येऊन ‘आउसात्रूआर्फ्येलागिध’ हा संघ स्थापन केला. ‘असात्रू’ म्हणजे आस कुळातील देवांवरील निष्ठा. हस्तलिखिताचे आगमन आणि संघाची स्थापना यांत सरळ कार्यकारणभाव मी लावत नाही; पण ज्या समाजाने एका जुन्या चामडी पोथीसाठी असा धक्का भरून टाकला, त्या समाजात ही स्थापना झाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पोथीपेक्षाही जिवंत असा एक धागा होता, तो छंदाचा. आइसलँडमध्ये ‘रीमुर’ नावाची दीर्घ कथाकाव्ये चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत म्हटली जात. हिवाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी गवताळ मातीच्या घरांत सगळी माणसे एका खोलीत बसून लोकर विंचरत, सूत काढत, आणि कोणी एक जण ठरावीक चालीवर रीमुर म्हणत असे. हात कामात आणि कान काव्यात, अशी ती रीत. जात्यावरची ओवी ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही. या काव्यातील अनुप्रासाचे कडक नियम थेट प्राचीन कवनांच्या नियमांतून आलेले आहेत.

स्वेनब्यॉर्न हे या परंपरेतले होते. १९२४ साली जन्मलेल्या या माणसाने १९५३ साली रीमुरच्या छंदांवर ग्रंथ लिहिला होता. ते एड्डातील, म्हणजे जुन्या देवांच्या त्याच काव्यसंग्रहातील, कवने म्हणत, तेव्हा त्यांनी ती चाल पुस्तकातून शिकलेली नव्हती. रीमुर म्हणणाऱ्यांच्या गळ्यातून त्यांच्या गळ्यात ती आलेली होती. म्हणून द्राघाउल्सचा विधी सर्वस्वी नवा होता असे म्हणणेही अपुरे आहे. त्याची मांडणी नवी, क्रम नवा, समुदाय नवा. पण त्यातला आवाज जुना होता, आणि तो खरोखरच जुना होता. विधीचा अर्थ नेमका कशात साठतो हे ठरवताना या आवाजाला मी फार मोठे वजन देतो. ज्यांना तो लाभलेला नाही, अशा अन्य देशांतील नव-पेगन गटांचे काम म्हणूनच अधिक अवघड आहे.

मान्यतेचा प्रश्न

संघाचे प्रतिनिधी १९७२ च्या नाताळापूर्वी न्याय आणि धर्मविषयक खात्याचे मंत्री ओलावुर योहान्नेसन यांना भेटायला गेले, तेव्हा मंत्र्यांना आधी ही थट्टाच वाटली. भेट संपवून मंडळी बाहेर पडल्यावर वादळ झाले आणि रेक्याविकच्या मध्यवस्तीत वीज गेली, ही आठवण आजही आवर्जून सांगितली जाते, कारण थॉर हा मेघगर्जनेचा देव. बिशप सिगुरब्यॉर्न एनार्सन यांनी मान्यतेला विरोध केला. राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याची जी तरतूद आहे तिच्यात एकेश्वरी उपासना गृहीत धरलेली आहे, अशी त्यांची बाजू होती. तो विरोध टिकला नाही आणि १९७३ साली संघाची नोंदणी झाली.

ही निव्वळ कागदोपत्री बाब नव्हती. नोंदणीमुळे संघाच्या गोधीने लावलेले लग्न कायद्याने लग्न ठरते. सदस्यांच्या करातील धार्मिक संस्थांसाठीचा ठरावीक हिस्सा संघाला मिळतो. संघातर्फे मुलांचे नामकरण होते, वयात येणाऱ्या मुलामुलींचा स्वीकारविधी होतो आणि अंत्यसंस्कार होतात. रेक्याविकच्या गुफुनेस येथील दफनभूमीत संघासाठी स्वतंत्र जागा आहे. माझ्या मते प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर येथे शोधले पाहिजे. निसर्गरम्य जागी शेकोटी पेटवून कवने म्हणायला कोणीही जाईल. आपल्या बाळाचे नाव ठेवायला, किंवा आपल्या बापाला मातीत उतरवायला माणूस ज्याला बोलावतो, त्याच्या विधीत त्याला काहीतरी अर्थ सापडलेला असतो. गमतीखातर कोणी आपले प्रेत दुसऱ्याच्या हवाली करत नाही.

सदस्यसंख्याही बोलकी आहे. प्रारंभी काही डझन माणसे होती. २०१४ साली ही संख्या सुमारे २४०० होती आणि आता ती ५००० च्या पुढे गेली आहे. चार लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या देशात शंभरात एकाहून अधिक असे हे प्रमाण आहे. संख्येवरून श्रद्धेची खोली कळत नाही हे मान्य. पण अर्धशतक लोटल्यावरही वाढत राहिलेल्या गोष्टीला हौस म्हणून सोडून देता येत नाही.

आजचा विधी आणि त्यावरील आक्षेप

आजचे ब्लोत असे असते. शक्यतो उघड्यावर माणसे वर्तुळ करून उभी राहतात. गोधी अग्नी पेटवतो, विधीला आरंभ झाल्याचे सांगतो आणि एड्डातील कडवी म्हणतो. मग पेयाने भरलेले शिंग हातोहात फिरते. ज्याच्या हाती शिंग येते तो देवांचे, पूर्वजांचे किंवा त्या भूमीच्या रक्षक शक्तींचे स्मरण करतो, वाटल्यास काही संकल्प बोलतो, घोट घेतो आणि थोडे जमिनीवर ओततो. शेवटी सर्व जण जेवतात. पशुबळी दिला जात नाही. वर्षातली मुख्य ब्लोते ऋतूंच्या संधींवर येतात : मकरसंक्रमणापूर्वीच्या दक्षिणायनान्ती, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, हिवाळ्याच्या आरंभी, आणि जून महिन्यात थिंगवेल्लिरला, जेथे एके काळी आल्थिंगी भरत असे आणि जेथे जुना धर्म सोडण्याचा निर्णय झाला होता.

पहिला आक्षेप रक्ताचा आहे. शेतकऱ्याने आपला बैल दिला तेव्हा त्याने हिवाळ्याच्या तोंडावर आपल्या घरची खरी संपत्ती दिली. मद्याचा घोट देण्यात काय त्याग आहे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. होफस्तादिरच्या अंगणात जी भीती आणि जी किंमत होती, ती आजच्या वर्तुळात नाही, आणि नाही हे मान्य केले पाहिजे. पण त्याच तर्काने पुढे गेले तर असे दिसते की त्या बैलाची किंमत बैलात नव्हती, सालाच्या अनिश्चिततेत होती. ज्याला पुढच्या वसंतात गवत उगवेल की नाही याची शाश्वती नव्हती, त्याचे दान जड होते. आजच्या माणसाचे धान्य जहाजाने येते. त्याने बैल कापला तर ती किंमत परत येणार नाही, फक्त बैल मरेल. आजच्या माणसाकडे देण्यासारखी जड गोष्ट म्हणजे चारचौघांत, साक्षीने उच्चारलेला शब्द. आणि शिंग हातात घेऊन जो संकल्प बोलतो तो तीच देतो. तो शब्द पाळला जात नसेल तर विधी पोकळ, पण मग जुन्या काळीही पेल्यावर घेतलेल्या शपथा मोडत असत, हे सागांतून, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथांतून, पदोपदी दिसते.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. २००३ पासून संघाचे प्रमुख असलेले संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सन यांनी उघडपणे सांगितले आहे की आठ पायांच्या घोड्यावरून फिरणारा एकाक्ष पुरुष, म्हणजे ओदिन, खरोखर आहे, असे आज कोणी मानत असेल असे त्यांना वाटत नाही. या कथांकडे ते निसर्गशक्तींची आणि मानवी मनाची काव्यमय रूपके म्हणून पाहतात. मग हे देव नाहीतच तर विधी कोणासाठी? येथे मला हिल्मार यांचा प्रामाणिकपणा आवडतो, तरी त्यांचे उत्तर पुरेसे वाटत नाही. ‘रूपक’ हा शब्द वादळात सापडलेल्या होडीतल्या माणसाला उपयोगी पडत नाही. जुन्या काळी थॉरला हाक मारणारा माणूस रूपकाला हाक मारत नव्हता. एवढा अर्थ नव्या विधीने गमावला आहे. मात्र भूमीच्या रक्षक शक्तींच्या बाबतीत चित्र वेगळे दिसते. या ‘लांडवैत्तिर’ आइसलँडच्या राजचिन्हावर आजही आहेत : बैल, गरुड, नाग आणि राक्षस. किनारा दिसू लागला की जहाजाच्या नाळेवरचे जबडा वासलेले मुंडके उतरवून ठेवावे, म्हणजे त्या बिथरणार नाहीत, असा जुना कायदा सांगितला जातो. ज्या बेटावर डोंगर अजून लाव्हा ओकतात आणि पायांखालची जमीन खरोखर हलते, तेथे भूमीला बिथरू न देण्याच्या विनवणीला निव्वळ अलंकार म्हणणे मला जमत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपाइतकीच मोहाची आहे, तो मोह प्राचीनत्वाचा. एड्डातील एका कवनात ओदिनच्या सभागृहाला ५४० दारे असून प्रत्येकातून ८०० योद्धे बाहेर पडतील असे म्हटले आहे. गुणाकार ४,३२,००० येतो आणि आपल्या पुराणांतील कलियुगाची वर्षेही तेवढीच. यावरून दोन्ही परंपरांचे एकच आदिम मूळ आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि मराठी वाचकाला तर ते ऐकून भरूनच येईल. पण जुन्या नॉर्समध्ये ‘शंभर’ या शब्दाचा अर्थ बहुधा १२० असा होतो. तसे मोजले तर दारे ६४० आणि योद्धे ९६० होतात, आणि जुळणी मोडते. प्राचीनत्वाची ओढ माणसाला हिशेब तपासू देत नाही. आइसलँडमध्येच याचे घरगुती उदाहरण आहे : हिवाळ्याच्या मध्यावर ‘थोर्राब्लोत’ नावाची मेजवानी होते, तीत आंबवलेला शार्क आणि मेंढीचे भाजलेले डोके खाल्ले जाते, आणि पाहुण्यांना ते वायकिंग काळापासूनचे वाटते. ही मेजवानी या रूपात एकोणिसाव्या शतकातल्या विद्यार्थी मंडळांनी सुरू केली, आणि त्या ताटाला त्याचे आजचे नाव १९५८ साली रेक्याविकच्या एका उपाहारगृहाने दिले. तरीही गावोगावच्या माणसांना त्या रात्री एकत्र बसावेसे वाटते ते खोटे ठरत नाही.

प्राचीनत्वाच्या मोहाची काळी बाजूही या प्रकरणात दिसली. संघ समलिंगी जोडप्यांचे विवाह लावतो. २०१५ च्या सुमारास, मंदिर बांधण्याच्या बातमीमुळे जगाचे लक्ष वेधले गेले तेव्हा, परदेशांतील काही पेगन गटांकडून संघाला द्वेषाने भरलेली पत्रे आली. खरा जुना धर्म असा नव्हता, असे सांगणारी. धर्म ज्यांच्या भाषेत जिवंत राहिला त्यांना, ज्यांनी तो भाषांतरांतून वाचला त्यांनी शुद्धतेचे धडे द्यावेत, याचा मला मनापासून राग आला. विधीला मागे नेऊन एका गोठलेल्या क्षणी खिळवून ठेवायचे, तर तो क्षण कोणता? सन १००० मधला, जेव्हा अर्भक उघड्यावर टाकण्याची मुभा मागून घेतली गेली, तो?

एक तुलना

या जागी मराठी वाचकाला स्वतःच्या इतिहासातली एक घटना आठवेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. त्रिशरण आणि पंचशील हे पाली भाषेतले, अतिप्राचीन. बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी नव्याने रचलेल्या. या भूमीत त्या परंपरेचा धागा शतकानुशतके तुटलेलाच होता. प्रतिज्ञा नव्या आहेत म्हणून त्या दिवसाचा अर्थ कमी होता, असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? दोन घटना एका मापाच्या नाहीत. नागपूरला माणसांनी जन्मभराचा अपमान मागे टाकला. द्राघाउल्सला जमलेल्यांच्या डोक्यावर तसले ओझे नव्हते. पण जुने शब्द, नवी प्रतिज्ञा आणि ती घेताना पणाला लागलेले काहीतरी, ही जोडणी दोन्हीकडे आहे. विधीचे वय त्यात कोठेच निर्णायक ठरत नाही. काय पणाला लागले, ते ठरते.

प्रकरणाची आजची स्थिती

या मोजपट्टीने पाहिले तर माझा निष्कर्ष सरसकट नाही. पाहुण्यांच्या गर्दीत झालेल्या एखाद्या ब्लोतात जुन्या विधीच्या वजनाचा अंशही नसेल. गुफुनेसच्या दफनभूमीतला अंत्यविधी मात्र, तो ज्यांच्या माणसाचा आहे त्यांच्यासाठी, दहाव्या शतकातल्या कोणत्याही विधीच्या तोडीचा आहे असे मी म्हणेन. थिंगवेल्लिरचे ब्लोत या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. जुन्या गोधीच्या हातात कायदा होता, आजच्याच्या हातात नाही. जुन्या ब्लोताला न येणे महागात पडे, आजच्याला माणूस आपणहून येतो. होकोन राजाला जे स्वातंत्र्य नव्हते ते आज येणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्यामुळे सक्तीतून येणारे एकसंधपण गेले, आणि कापड गुंडाळलेल्या कड्यावर तोंड धरण्याची गरजही गेली.

स्वेनब्यॉर्न १९९३ च्या डिसेंबरात वारले. त्यांच्या पश्चात योर्मुंडुर इंगी हान्सेन, मग काही काळ योनिना क्रिस्तिन बेर्ग आणि त्यानंतर हिल्मार अशी धुरा पुढे गेली. २० मार्च २०१५ रोजी, सूर्यग्रहण चालू असताना, रेक्याविकच्या ओस्क्युहलीध टेकडीवर मंदिराच्या कामाला प्रारंभ झाला. संघाचेच सदस्य असलेले वास्तुरचनाकार माग्नुस येन्सन यांनी टेकडीत अंशतः रुतलेली आणि वरच्या घुमटातून ऋतूंप्रमाणे बदलता उजेड आत घेणारी वास्तू आखली होती. खर्च वाढला आणि काम ठरल्या मुदतीत पुरे झाले नाही.

१९७३ नंतरच्या पहिल्या वर्षांत ज्या बाळांची नावे या संघाच्या गोधीने ठेवली, ती आता पन्नाशीच्या घरात असतील. त्यांच्यासाठी हा विधी कोणी पुनरुज्जीवित केलेला नाही. तो त्यांच्या जन्माआधीपासून घरात होता. शिंग त्यांच्या हातात येते तेव्हा ते आजही ‘आर’ आणि शांतता मागतात, आणि शब्द तेच आहेत.